टिटवीची सरकारी परीक्षा

एका जंगलात, बाळांनो, एक तळं होतं. जंगलाचं नाव विचारू नका. ते परीक्षेत येणार नाही.

त्या तळ्याच्या काठी शेवंता नावाची एक टिटवी राहायची. तिच्या नवऱ्याचं नाव मनोहर. दोघं उघड्या माळावर, खड्यांमध्ये अंडी घालायची, कारण टिटव्यांना दुसरीकडे घालता येत नाहीत. आणि उघड्यावरची अंडी कधी मुंगूस खायचं, कधी गव्यांच्या पायाखाली जायची. सलग दोन वर्षं शेवंताच्या घरी एकही पिल्लू झालं नव्हतं.

शेवंताला एक गोष्ट फार चांगली यायची. बिबट्या कुठून येतोय ते तिला सगळ्यांच्या आधी कळायचं. गवत हललं की ती ओरडायची. ती ओरडली की भेकरं पळायची, सांबरं पळायची, ससे बिळात जायचे. बिबट्या यायचा, पाणी प्यायचा आणि तोंड पाडून निघून जायचा. हे काम तिला कोणी दिलं नव्हतं. तिच्या आईने केलं, म्हणून तीही करायची.

जंगलाचा अध्यक्ष एक गवा होता. सगळे त्याला अण्णा म्हणत. एकदा अण्णा शेजारच्या जंगलाच्या दौऱ्यावर गेले आणि बरंच काही बघून आले.

"आपल्याकडे कोणीही उठतं आणि ओरडतं," अण्णा सभेत म्हणाले. "याला काही पद्धत आहे का? आता इशारा अधिकारी नेमायचा. एकच पद. लेखी परीक्षा होईल. पन्नास गुण गणित, पन्नास गुण इंग्रजी."

एका म्हाताऱ्या सांबराने विचारलं, "अण्णा, बिबट्याला इंग्रजी येतं का?"

"नसेल येत," अण्णा म्हणाले. "पण त्याला येत नाही म्हणून आपण मागे राहायचं का?"

यावर सगळ्यांनी माना डोलावल्या.

"आणि निवड होईल त्याला," अण्णा पुढे म्हणाले, "तळ्याच्या मधलं बेट राहायला मिळेल."

हे ऐकून शेवंता ताठ उभी राहिली. बेटावर मुंगूस पोचत नाही. गवे तर मुळीच नाहीत. तिने त्याच दिवशी अर्ज भरला. मनोहरने भरला नाही. त्याला चारपर्यंतच मोजता यायचं. टिटवीची अंडी चार असतात. पाचवं कधी झालं नाही, म्हणून पाच शिकायची वेळच आली नाही.

"तू पास होशील," तो म्हणाला. "बिबट्या ओळखण्याची परीक्षा आणि तू नापास? कसं शक्य आहे?"

मनोहर साधा होता, बाळांनो. त्याला वाटलं, परीक्षा कामाची असते.

परीक्षा जाहीर झाली त्याच आठवड्यात वडाखाली क्लास सुरू झाला. गणिताला काटे सर. ते सायाळ होते. इंग्रजीला काळे सर. ते कावळे होते आणि दोन वर्षं शहरातल्या एका हॉटेलच्या मागे राहून आले होते.

काटे सर पाठीवरचा एक काटा काढून मातीत गणित लिहायचे.

"लिहून घ्या. बिबट्या ताशी चोपन्न किलोमीटर वेगाने धावतो. हरीण ताशी छत्तीसने. हरीण दोनशे मीटर पुढे आहे. तर बिबट्या त्याला किती सेकंदांत गाठेल? ट्रिक सांगतो. वेगांतला फरक काढा, पाचाने गुणा, अठराने भागा. जे येईल त्याने दोनशेला भागा. चाळीस सेकंद!"

शेवंताने पंख वर केला. "सर, हरीण चाळीस सेकंद सरळच का धावतं? वळत का नाही?"

"वळलं तर गणित सुटत नाही," काटे सर म्हणाले.

"पण हरीण सुटतं."

"ताई," सर शांतपणे म्हणाले, "हरणाला गुण नाहीत."

मग काळे सर यायचे. "एक सिंह असेल तर रोअर्स. पुष्कळ सिंह असतील तर रोअर. एकाला एस लागतो, अनेकांना लागत नाही."

"म्हणजे एका सिंहाच्या डरकाळीला शेपटी," शेवंता म्हणाली, "आणि दहा सिंहांच्या डरकाळीला नाही? असं का?"

"प्रश्न आपण विचारायचे नसतात," काळे सर म्हणाले. "प्रश्न ते विचारतात. आपण गोल काळे करायचे. चार पर्याय असतात. आधी चुकीचे काढून टाकायचे. उरेल ते बरोबर. आणि चुकलं तर पाव गुण जातो, म्हणून खात्री झाल्याशिवाय गोलाला हात लावायचा नाही."

शेवंता हुशार होती. चार महिन्यांत तिला नळ, टाक्या, आगगाड्या आणि काळ सगळं येऊ लागलं. नळ तिने कधी पाहिला नव्हता. आगगाडीही नाही. पण दोन आगगाड्या एकमेकींना कधी भेटतील ते ती चटकन सांगायची.

परीक्षेचा दिवस आला. मोहाच्या झाडाखाली सगळे रांगेत बसले. पळसाच्या पानावर गोल काढलेले होते आणि ते करवंदाच्या रसाने काळे करायचे होते. अण्णा स्वतः देखरेखीला उभे होते.

शेवंता भराभर सोडवत गेली. तेविसावा प्रश्न बिबट्याच्या वेगाचा होता. तिने फरक काढला, पाचाने गुणलं, आणि अठराने भागणार तेवढ्यात डावीकडचं गवत हललं.

"टिटी-टिव! टिटी-टिव! बिबट्या!"

ती ओरडली असं म्हणणं बरोबर नाही. ते ओरडणं तिच्या गळ्यातून आपोआप आलं. पुढच्या क्षणी मैदान रिकामं झालं. सगळ्यांत पुढे अण्णा होते. बिबट्या आला, त्याने दोन-चार पळसाची पानं हुंगली, आणि गेला.

कोणाच्या केसाला धक्का लागला नाही. सगळ्यांनी शेवंताचे आभार मानले. मग निकाल लागला.

धोंडोपंत नावाचं एक कासव पहिलं आलं. शंभरापैकी एकेचाळीस. ते पळू शकले नाहीत, म्हणून पेपर सोडवत बसले. पूर्ण पेपर दिलेले ते एकटेच होते.

शेवंताला चिठ्ठी आली. 'परीक्षा चालू असताना मोठ्याने बोलल्याबद्दल अपात्र. तेविसाव्या प्रश्नाविषयी इतरांना सूचना दिल्याचाही संशय आहे.'

ती चिठ्ठी घेऊन ती अण्णांकडे गेली. "अण्णा, मी ओरडले नसते तर?"

"तू ओरडलीस ते उत्तमच केलंस," अण्णा म्हणाले. "व्यक्तिशः मी तुझा आभारी आहे. पण नियमात 'बिबट्या आल्यास' असं काही लिहिलेलं नाही गं. मी तरी काय करू?"

धोंडोपंत बेटावर राहायला गेले. माणूस, म्हणजे कासव, सज्जन होतं. पहिल्याच दिवशी ते पोहत काठावर आले.

"शेवंताताई, एक विचारू? मला ओरडता येत नाही हो."

"मग अर्ज कशाला भरलात?"

"घरच्यांनी भरायला लावला. तुम्ही आपलं नेहमीसारखं ओरडत राहा. मी वेळ लिहून घेत जाईन."

वर्षभर तसंच चाललं. शेवंता ओरडायची, धोंडोपंत वेळ लिहायचे. वर्षात बिबट्याला एकही शिकार मिळाली नाही. ही कामगिरी बघून धोंडोपंतांना बढती मिळाली, ते मुख्य कचेरीत गेले आणि पद पुन्हा रिकामं झालं.

त्याच वर्षी शेवंताची चारही अंडी मुंगसाने खाल्ली. ती आणि मनोहर दोन दिवस त्या रिकाम्या खड्यांभोवती फिरत राहिली. तिसऱ्या दिवशी शेवंता पुन्हा वडाखाली गेली.

"ताई, तुमचं गणित चांगलं आहे," काळे सर म्हणाले. "इंग्रजीही चांगलं आहे. तुमचा गळा आड येतो. त्याची तयारी करू."

तयारी अशी. शेवंताने पेपर सोडवत बसायचं. काळे सर झुडपात लपून गवत हलवायचे, बिबट्यासारखं गुरगुरायचे. शेवंताने मान वर करायची नाही. पहिल्या दिवशी ती दर वेळी ओरडली. दुसऱ्या महिन्यात नुसतीच दचकायची. सहाव्या महिन्यात सर तिच्या कानाशी येऊन गुरगुरले, तरी तिने शांतपणे पर्याय क काळा केला.

"शाब्बास!" सर म्हणाले. "आता तुम्ही तयार झालात."

त्या वर्षी शेवंता पहिली आली. शंभरापैकी अठ्ठ्याहत्तर. अण्णांनी तिच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. काटे सरांनी वडावर तिचं चित्र लावलं. आणि शेवंता आणि मनोहर बेटावर राहायला गेली.

तिथे तिने चार अंडी घातली. मनोहर रोज सकाळी मोजायचा. एक, दोन, तीन, चार. रोज चारच भरायची. मग एके दिवशी चारांची चार पिल्लं झाली आणि मनोहर इतका खूश झाला, की त्याने पिल्लंही दोनदा मोजली.

असेच काही दिवस गेले. एका दुपारी सांबरं पाण्यावर आली होती. ससे आले होते. अण्णाही पाण्यात उतरले होते. शेवंता काठावरच्या दगडावर कामावर होती. मनोहर तिच्यासाठी दोन गांडुळं घेऊन आला होता.

पलीकडचं गवत हललं.

शेवंताने ते पाहिलं. सगळ्यांच्या आधी पाहिलं. तिने चोच उघडली.

आणि तिच्या मनात आलं: पर्याय अ, वारा. पर्याय ब, बिबट्या. पर्याय क, वारा आणि बिबट्या दोन्ही. पर्याय ड, यांपैकी नाही.

ड तर नक्कीच नाही, तिने ठरवलं. गवत हललंय. ड बाद. आता अ. वारा आहे का? थोडा आहे. म्हणजे क सुद्धा असू शकतो. खात्री नाही. चुकलं तर पाव गुण जाईल.

"टिटी-टिव! टिटी-टिव! टिटी-टिव!"

हा मनोहर होता. गांडुळं टाकून तो जीव तोडून ओरडत होता. सांबरं उधळली. ससे गेले. अण्णा चिखल उडवत बाहेर पडले. बिबट्याचा पंजा एका पाडसाच्या पाठीवर निसटता लागला, पण पाडस वाचलं.

शेवंता दगडावर तशीच उभी होती. तिची चोच अजून उघडी होती.

"मला दिसला होता हो," ती मनोहरला म्हणाली. "तुमच्या आधी दिसला होता. मी ब धरण्याआधी क तपासत होते."

"ब म्हणजे काय?"

"बिबट्या."

"मग सरळ बिबट्या म्हणायचं ना गं," मनोहर म्हणाला. तो रागाने बोलला नाही. त्याला खरंच कळलं नव्हतं.

पाडसाला ओरखडा आला, म्हणून चौकशी समिती बसली. शेवंताने घटनेची नोंद इंग्रजीत केली होती: 'द लेपर्ड केम. द लेपर्ड वेंट.' समितीने ती दोनदा वाचली. काळ बरोबर होता. व्याकरणाची एकही चूक नव्हती. समितीने अधिकाऱ्याला निर्दोष ठरवलं.

पण एक गंभीर बाब समितीच्या लक्षात आली. त्या दिवशी एका अपरीक्षित टिटव्याने कोणताही अधिकार नसताना आरडाओरडा केला होता. त्याला नोटीस देणं भाग होतं. आणि अशा नोटिशीवर इशारा अधिकाऱ्याचीच सही लागते.

"अण्णा, तो माझा नवरा आहे," शेवंता म्हणाली.

"म्हणूनच तर सही कर," अण्णा म्हणाले. "नाहीतर लोक म्हणतील, घरच्याला सांभाळून घेतलं." मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आणि त्याला सांग, पुढच्या वेळी आणखी थोडं आधी ओरड म्हणावं. माझ्याच्याने हल्ली लवकर पळवत नाही."

शेवंताने सही केली. संध्याकाळी ती इंग्रजीतली नोटीस घेऊन बेटावर आली आणि मनोहरपुढे ठेवली.

मनोहरने पान उलटसुलट करून पाहिलं. "सही सुंदर आहे तुझी. पण लिहिलंय काय?"

शेवंताने नोटिशीकडे पाहिलं. मग त्याच्याकडे पाहिलं. पंखाखाली पिल्लांना घेऊन तो वाट बघत बसला होता.

"लिहिलंय," ती म्हणाली, "की तुमचा आवाज तळ्याच्या पार पलीकडे ऐकू गेला."

आणि बाळांनो, दुसऱ्या ओळीत खरोखरच तसं लिहिलेलं होतं.

"बघ!" मनोहर म्हणाला. त्याला फार आनंद झाला. "पण इतकी चांगली गोष्ट इंग्रजीत कशाला लिहायची? मराठीत लिहिली असती, तर मीच वाचली असती."

त्याला मराठीही वाचता येत नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून ती कामावर जाताना त्याला बरोबर घेऊन जाऊ लागली. तो ओरडायचा. ती वेळ लिहून घ्यायची. दर महिन्याला त्याला एक नोटीस यायची आणि तिला एक प्रशस्तिपत्र.

तात्पर्य: घरातल्या एकाने खूप अभ्यास करून परीक्षा पास व्हावी, आणि दुसऱ्याला तिच्या आसपासही फिरकू देऊ नये. म्हणजे नोकरी टिकते आणि जीवही वाचतो.