दहा गोल खाऊन वाचलेला क्लब

एका जंगलात एक फुटबॉल क्लब होता. जंगल हंगेरी देशातलं, तिसा नदीच्या काठचं. जंगलाचं नाव केकेर्दो आणि क्लबाचंही तेच. मुलांनो, हंगेरी कुठे आहे ते नकाशात नंतर बघा. आत्ता गोष्ट ऐका आणि मधे मधे बोलू नका.

केकेर्दोत तीनशे बारा जनावरं राहत. मैदानात खुर्च्या मात्र चार हजार. मुंग्या धरल्या असत्या तर खुर्च्या कमीच पडल्या असत्या, पण मुंग्या तिकीट काढत नाहीत. क्लबचा अध्यक्ष वेन्देल कोल्हा म्हणाला होता, "खुर्च्या असल्या की बसणारे येतात." ते काही आले नाहीत. दर रविवारी साठ-सत्तर मंडळी येऊन सूर्यफुलाच्या बिया सोलत बसायची. पाय पसरायला प्रत्येकाला ऐसपैस जागा मिळायची.

या क्लबात ओदोन कामाला होता. ओदोन जातीनं गाढव, आणि काम एकच, खेळाडूंचे कपडे धुणं. बावीस वर्षं तो तेच करत होता. सामना चालू असताना तो कडेला बादली घेऊन उभा राही, पण त्याचं लक्ष चेंडूकडे नसे. कुणाच्या शर्टाला काय लागलं, इकडे असे. पाठीला माती दिसली की आपण हरलो आणि गुडघ्यांना हिरवं दिसलं की जिंकलो, एवढं फुटबॉल त्याला कळत होतं.

"डाग वाळू द्यायचा नाही," तो म्हणे. "ओला आहे तोवर तो पाहुणा असतो. वाळला की घरजावई."

आणि खेळाडू त्याचं ऐकत. मुलांनो, फुटबॉल खेळणारे प्रशिक्षकाचं ऐकत नाहीत, पंचाचं ऐकत नाहीत, बायकोचं तर नाहीच नाही. पण कपडे धुणाऱ्याचं जगभर सगळे ऐकतात. न ऐकलं तर पुढच्या रविवारी ओली चड्डी मिळते. ही भीती लहानपणीच अंगात मुरते आणि मरेपर्यंत जात नाही.

त्या वर्षी क्लब दुसऱ्या विभागात अगदी तळाला गेला होता. आणखी घसरला की तिसरा विभाग. तिसऱ्या विभागात खेळाडू आपापले कपडे पिशवीत घालून घरी नेतात. म्हणजे ओदोनची बादली बंद. या विचारानं त्याला घास गोड लागेना. सूर्यफुलाची पेंडही तो अर्धी टाकून उठे.

वेन्देल कोल्ह्यानं मात्र हिवाळ्यातच नामी युक्ती काढली होती. त्यानं आपले सगळे ससे काढून टाकले आणि राजधानीतल्या लांडग्यांच्या क्लबाकडून अकरा हरणं उसनी आणली. लांडग्यांच्या क्लबात अकरा हरणं शिल्लक कशी राहिली, असं कुणीतरी विचारणार. विचारू नका. व्यावसायिक खेळात असं असतं.

हरणं छान खेळली. क्लब वर सरकला. शेवटचा सामना जिंकला की झालं, दुसरा विभाग शाबूत. आणि तो सामना होता लांडग्यांशी.

शुक्रवारी सकाळी गिझेला शेळी कचेरीत आली. मैदानाचं गवत कापण्याचं काम तिच्याकडे होतं. कसं कापायची ते तुम्हाला कळलंच असेल. तिच्या तोंडात हरणांच्या कराराचा कागद होता, कोपऱ्यात थोडा खाल्लेला.

"साहेब, यात लिहिलंय, उसना खेळाडू मूळ क्लबाविरुद्ध खेळू शकत नाही."

"कुणी लिहिलंय?"

"ते माहीत नाही. पण खाली सही तुमची आहे."

कोल्ह्याच्या तोंडचं पाणी पळालं. आता खेळणार कोण? ससे केव्हाच दुसऱ्या जंगलात गेले होते. मग त्याला आठवलं. सरकारी नियम असा होता की प्रत्येक क्लबाच्या यादीत निदान सात स्थानिक खेळाडू हवेतच. कोल्ह्यानं चार वर्षांपूर्वी कर्मचाऱ्यांचीच नावं त्यात घालून टाकली होती. तिकीट खिडकीतलं कासव, रेषा आखणारी चिचुंद्री, घोषणा करणारं बदक, फलकावरचे गोलांचे आकडे बदलणारा करकोचा, बिया विकणारा मेंढा, गिझेला आणि ओदोन. कागदावर ओदोन चार वर्षं डावा बचावपटू होता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं इतकंच. सात जण असले तर सामना सुरू करता येतो, हाही नियमच.

"साहेब, मला चेंडू मारता येत नाही," ओदोन म्हणाला.

"लाथ मारता येते ना?"

"येते."

"मग झालं तर."

रविवार उजाडला. समोर अकरा लांडगे. पंच होता एक बगळा, नियमांचं पुस्तक कोळून प्यायलेला. ओदोन बादली घेऊनच मैदानात उतरला होता. बगळ्यानं ती कडेला ठेवायला लावली.

दुसऱ्या मिनिटाला लांडग्यांनी पहिला गोल केला. कासव गोलरक्षक होतं, पण ते अजून गोलपर्यंत पोचायचं होतं. गोल करणारा लांडगा आनंदानं गवतावर पोटावर घसरत गेला आणि नेमका ओदोनपुढे येऊन थांबला. पांढऱ्याशुभ्र शर्टावर वीतभर हिरवा डाग.

ओदोनचा जीव कळवळला. शर्ट शत्रूचा होता, पण कापड ते कापडच.

"अरे बाळा, काय केलंस हे! काढ तो. काढ लवकर, भिजत घालतो."

"काढतो काका," लांडगा म्हणाला आणि त्यानं शर्ट काढून दिला.

बगळ्यानं शिट्टी वाजवली. गोल केल्यावर शर्ट काढला की पिवळं कार्ड, हा जगाचा नियम आहे. लांडगा गोंधळून बगळ्याकडे पाहत राहिला. ओदोन मात्र शर्ट घेऊन बादलीकडे पळाला होता.

मध्यंतरापर्यंत पाच गोल झाले होते. पाच वेगवेगळ्या लांडग्यांनी केलेले. पाच शर्ट बादलीत होते आणि पाच पिवळी कार्डं बगळ्याच्या वहीत.

लांडग्यांचा कप्तान बार्ना चिडून लाल झाला. त्याचं स्वतःचंही एक पिवळं कार्ड होतं. "त्या गाढवाचं ऐकू नका!" तो ओरडला. "कान बंद ठेवा! घसरू नका!"

सगळ्यांनी नवे शर्ट घालत माना डोलावल्या. पण गोल केल्याचा आनंद आवरतो का कुणाला? सहावा गोल झाला, करणारा घसरला, "काढ बाळा," दुसरं पिवळं, म्हणजे लाल, लांडगा बाहेर. सातवा तसाच. आठवा तसाच. नववा गोल करणारा लांडगा तर बाहेर जाता जाता विचारत होता, "काका, निघेल ना हो?"

नऊ–शून्य. लांडगे सात उरले. आणखी एक गेला की सहा, आणि सहा जणांचा संघ खेळू शकत नाही. बार्नाला हे पक्कं ठाऊक होतं. "आता गोल करायचाच नाही," त्यानं सांगितलं. पण चेंडू त्याच्याच पायात आला, समोर गोल मोकळा होता, कासवाला अजून चार पावलं बाकी होती. बार्ना शेवटी लांडगाच. त्याच्या पायांनी त्याला विचारलं नाही.

गोल झाला. पण बार्ना घसरला नाही, नाचला नाही. दोन्ही पंजे पाठीमागे बांधून निमूट गोलच्या खांबाला टेकून उभा राहिला. तो खांब गिझेलानं सकाळीच निळा रंगवला होता.

"ऑइलपेंट!" ओदोन किंचाळला. त्याच्या डोळ्यांत खरोखरच पाणी आलं. "अरे माझ्या राजा, हा पाण्यानं नाही जायचा. काढ, मी घासलेट आणतो."

बार्नानं दात आवळले. आभाळाकडे पाहिलं. त्याला बहुधा लहानपणची ती ओली चड्डी आठवली असावी. त्यानं शर्ट काढला.

सहा लांडगे उरले. बगळ्यानं पुस्तक उघडून खात्री केली, सामना थांबवला आणि निकाल दिला. दहा गोल खाऊन केकेर्दो जिंकलं.

साठ-सत्तर मंडळी चार हजार खुर्च्यांवर नाचली. ओदोनलाही आनंद झाला. क्लब वाचला, बादली वाचली. त्या दिवशी त्यानं पेंड पोटभर खाल्ली.

सोमवारी कोल्ह्यानं त्याला कचेरीत बोलावलं. शेजारी बसायला खुर्ची दिली. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

"ओदोन, लांडग्यांचं पत्र आलंय. त्यांना तू हवा आहेस. बदल्यात पुढच्या वर्षीही अकरा हरणं देतायत."

"कपडे धुवायला बोलावलंय का साहेब?"

"छे छे! डावा बचावपटू म्हणून. त्यांच्याकडे धुलाईला यंत्रं आहेत. तू हातसुद्धा लावायचा नाहीस. करारातच आहे तसं."

"पण साहेब, मला इथेच राहायचंय. त्यासाठीच तर खेळलो."

"अरे, बावीस वर्षं तुला कुणी मागितलं नाही, म्हणून तू इथे राहिलास," कोल्हा प्रेमानं म्हणाला. "आता तुझी किंमत कळली. असा माणूस हाताशी ठेवणं कुठल्या क्लबाला परवडतं?"

"आणि इथले कपडे कोण धुणार?"

"त्यात काय एवढं? हरणं पिशवीत घालून घरी नेतील."

ओदोन मंगळवारच्या बसनं राजधानीला गेला. गिझेला निरोप द्यायला आली होती. ती म्हणाली, "ओदोनभाऊ, आम्हाला तुमचा अभिमान वाटतो." बस हलली तेव्हा तो तिच्या गळपट्टीवरचा वाळलेला निळा रंग बघत होता.

तात्पर्य : मुलांनो, आपल्या संस्थेला जीव लावावा. वेळ पडली तर तिला वाचवावंही. मात्र आपण वाचवली, हे अध्यक्षांना कळू देऊ नये.