दहा मिनिटांत आलोच

"बेडूक मी आणणार!" अनिरुद्धने चहाचा कप खाली ठेवत जाहीर केलं. "आणि संध्याकाळी गॅदरिंगला एकदाही आवाज न चढवता बसणार. बघाच तुम्ही!"

कादंबरीने नवऱ्याचा कप उचलून बेसिनमध्ये ठेवला. नऊ वर्षांच्या संस्कृतीला मात्र बोलायचं होतं.

"बाबा, तू ये. पण ओरडायचं नाही. ओरडलास ना, तर मी स्टेजवरून निघून जाईन."

पोरीचं चूक नव्हतं. गेल्या गॅदरिंगला ती फुलपाखरू झाली होती. मध्येच गाणं अडकलं, आणि अनिरुद्धने आठव्या रांगेतून माईकवाल्याला असं काही झापलं, की फुलपाखरू नाच टाकून पडद्यामागे जाऊन रडत बसलं. त्या रात्री अनिरुद्धला झोप लागली नाही. दुसऱ्याच आठवड्यात तो डॉक्टरीणबाईंकडे गेला आणि वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी त्याला कळलं, की आई ज्याला धांदरटपणा म्हणायची आणि साहेब ज्याला बेफिकिरी म्हणायचे, त्याला एडीएचडी म्हणतात. लक्ष जागेवर राहत नाही आणि राग मात्र बोलावल्यासारखा हजर होतो, हे सगळं त्यातच आलं.

बाईंनी औषध दिलं आणि सोपा उपाय सांगितला. राग आला की जागा सोडायची, दहा मिनिटं फिरायचं आणि परत यायचं. यातला पहिला भाग अनिरुद्धला उत्तम जमू लागला होता. परत येण्याचा सराव अजून चालू होता.

गाडी चालवताना जास्त राग येतो, म्हणून तो वाघोलीहून रिक्षाने निघाला आणि अकराला नारायण पेठेतल्या ड्रेपरीच्या दुकानात पोचला. शाळांच्या गॅदरिंगचे कपडे भाड्याने देणारं हे दुकान आप्पासाहेबांचं. गल्ल्याशेजारी दोन राक्षस आणि एक भोपळा टांगलेला होता.

"पावती?" आप्पासाहेबांनी मान वर न करता विचारलं.

"घरी राहिली. पण वहीत नाव असेल ना? संस्कृती. बेडूक."

"वहीत मुलांची नावं नाहीत, नंबर आहेत. आज सहा बेडूक जायचेत. आपला कुठला?"

"अहो, कुठलाही द्या! बेडूक तो बेडूक!"

"मापं वेगळी आहेत. घरून पावतीचा फोटो मागवा. मी कुठे पळून चाललोय?"

अनिरुद्धच्या कानशिलात ठक्‌ ठक्‌ सुरू झालं. पण व्वा! तो ओरडला नाही. कादंबरीला "पावतीचा फोटो पाठव" असा मेसेज टाकला, "दहा मिनिटांत आलोच" म्हणाला आणि बाहेर पडला.

चालत चालत तो बुधवार पेठेत शिरला. तिथे एक गृहस्थ दुकानाच्या पायरीवर जुना रेडिओ उघडून बसले होते. अनिरुद्ध थांबला. कुठली तार कुठे जाते ते विचारलं. मग खाली बसला. मग बॅटरी धरली. रेडिओ खरखरत सुरू झाला तेव्हा त्याला इतका आनंद झाला, की त्याने त्या गृहस्थांना मिठी मारली. पावतीचा फोटो दोन मिनिटांतच आला होता. तो त्याने पाहिला एक वाजून पाच मिनिटांनी!

धावत परत आला, तर आप्पासाहेबांच्या दुकानाचं दार बंद होतं. एक ते चार, पुण्याच्या रिवाजाप्रमाणे.

कादंबरीचा फोन आला. "कुठे आहेस?"

"राग शांत करतोय."

"कधीपासून?"

"सव्वाअकरापासून."

"सहाला पडदा वर जाणार आहे, अनिरुद्ध. पहिला नाच बेडकांचाच आहे."

तो तीन तास दुकानाच्या पायरीवरून हलला नाही. चारला दार उघडलं.

"आलात?" आप्पासाहेब म्हणाले. "आपली दहा मिनिटं जरा ऐसपैस दिसतात."

हेही त्याने गिळलं! बेडकाची पिशवी घेऊन तो रिक्षात बसला. रिक्षावाला पोपट वाघोलीचाच निघाला. शाळा कुठली, कार्यक्रम काय, मुलगी काय झालीय, सगळं पोपटने पहिल्या सिग्नलच्या आत काढून घेतलं. नगर रस्त्यावर मात्र सगळं ठप्प. आणि ठप्प रस्त्यात पोपट हॉर्न वाजवत बसला.

"अहो, पुढे जागाच नाही! हॉर्न कशाला?"

"सवय हाय, साहेब. हात रिकामा ऱ्हात न्हाई."

पाच वाजत आले होते. हॉर्न थेट मेंदूत घुसत होता. आता तोंडातून काय बाहेर पडेल याचा नेम नव्हता. पिशवी आणि फोन सीटवर ठेवून अनिरुद्ध खाली उतरला. "दहा मिनिटांत आलोच!"

फुटपाथच्या कडेला पोकलेन खड्डा खणत होता. जगात पोकलेनकडे न बघता पुढे जाणारी माणसं असतीलही, अनिरुद्ध त्यांतला नव्हता. तो मागे वळला तेव्हा रस्ता मोकळा होता. पोपट नव्हता, रिक्षा नव्हती, फोन नव्हता आणि बेडूकही नव्हता.

तो कठड्यावर बसला. आता खरा राग आला, आणि तो स्वतःचा होता. स्वतःला सोडून दहा मिनिटं लांब कसं जायचं, ते काही बाईंनी सांगितलं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले. पाच बेडूक नाचताहेत आणि सहावा पडद्यामागे वाट बघतोय, हेच त्याला दिसत होतं.

मिळेल त्या बसला लोंबकळून, उरलेलं धावून तो शाळेत पोचला तेव्हा साडेसहा वाजून गेले होते. सभागृहात टाळ्या चालू होत्या. तिसऱ्या रांगेत कादंबरी होती आणि शेजारी त्याच्या राखीव खुर्चीवर, बटाटेवडा खात, पोपट!

झालं होतं असं. कादंबरीने फोन केला, तो पोपटने उचलला. "साहेब राग घेऊन उतरलेत. मागच्या गाड्यांनी थांबू दिलं न्हाई. बेडूक माझ्याकडं हाय, येतो घेऊन!" आणि पावणेसहाला त्याने तो आणून पोचवला.

तेवढ्यात बेडकाचं मुंडकं काखेत मारून संस्कृती धावत आली आणि अनिरुद्धच्या कमरेला घट्ट बिलगली.

"बाबा! एक पण स्टेप चुकली नाही! मी सारखं कान देऊन ऐकत होते, तुझा आवाज एकदासुद्धा आला नाही!"

अनिरुद्धला खोटं बोलवेना. "बेटा, मी होतोच कुठे? मी आत्ता आलोय."

संस्कृतीने त्याच्याकडे पाहिलं. नाक पुसलं. थोडा विचार केला.

"बरं," ती म्हणाली, "मग पुढच्या वर्षीपण असाच ये."