रडणाऱ्या राक्षसाचा रकाना

कंपनीच्या तिसऱ्या मजल्यावर सुष्ट-दुष्ट निर्णय कक्ष आहे. कंपनी संगणकावरचा एक खेळ चालवते. त्यात लाखो माणसं घरबसल्या सरदार, धनुर्धर किंवा चेटकीण होऊन राक्षसांशी लढतात. कुणी काही केलं की ते कृत्य सुष्ट की दुष्ट हे ठरवून गुण द्यायचे असतात. यंत्राला ठरवता आलं नाही की प्रकरण या कक्षात येतं. गुण उणे शंभरावर गेले की ते पात्र चौकात फासावर चढतं आणि कायमचं पुसलं जातं.

आमचा परीक्षक इथे सहा वर्षं हंगामी होता. कायम करण्याचं पत्र साहेबांच्या टेबलावर तयार होतं, सही तेवढी व्हायची होती. तिमाहीत एकही निर्णय तक्त्याबाहेरचा नसावा, एवढीच अट होती. तिमाहीचे चार दिवस उरले होते आणि माणूस श्वाससुद्धा तक्ता बघून घेत होता.

तक्ता मोठा बिनचूक होता. गाव जाळणे, उणे वीस. झाडाला पाणी घालणे, अधिक अर्धा. त्या महिन्याचा 'महासज्जन' पुरस्कार ज्या योद्ध्याला मिळाला, त्याने एक अख्खं गाव जाळून त्यात उरलेल्या एकमेव झाडाला दिवसभर पाणी घातलं होतं. झाड कुजलं, पण झाड कुजवण्याचे गुण तक्त्यात नव्हते. सत्काराचं भाषण आमच्या परीक्षकानेच लिहून दिलं आणि ते चांगलं झालं असं सगळे म्हणाले.

अशात मंगळवारी सकाळी त्याने एक प्रकरण उघडलं. एका सरदाराने तलवार टाकलेल्या, रडणाऱ्या राक्षसाला सोडून दिलं होतं. हा सरदार परीक्षकाच्याच सासूबाईंचा होता.

सासूबाई निवृत्त नर्स. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर लेकीकडे राहायला आल्या आणि लेकीने करमणूक म्हणून हा खेळ लावून दिला. चार वर्षं त्यांनी त्या सरदाराला पोटच्या पोरासारखं वाढवलं होतं. "माझा सरदार जेवलाय, आता मी जेवते," असं त्या खरंच म्हणायच्या.

परीक्षक धावत साहेबांकडे गेला. "साहेब, खेळाडू माझी सासू आहे. प्रकरण दुसऱ्या कुणाला तरी द्या."

"नातं स्वतःहून सांगितलंत. प्रामाणिक आहात," साहेब म्हणाले. "प्रामाणिक माणसाकडून प्रकरण काढून घ्यायची तरतूद नाही. तक्ता काय म्हणतो?"

तक्ता म्हणत होता की सोडलेल्या राक्षसाचे पुढचे सगळे अपराध सोडणाऱ्याच्या नावावर. राक्षसाचं सरासरी आयुष्य तीनशे वर्षं, वर्षाला सरासरी दोन खून. म्हणजे सासूबाईंच्या नावावर सहाशे खून चढत होते.

"पण साहेब, शरण आलेल्याला मारलं असतं तर तेही दुष्टच. उणे दहा."

"बरोबर."

"मग त्यांनी करायचं काय?"

"तो शरण यायच्या आत मारायचं," साहेब शांतपणे म्हणाले. "बाकीचे सगळे तेच करतात. म्हणून तर त्यांची प्रकरणं आपल्याकडे येत नाहीत."

नियमाप्रमाणे सुनावणी लागली. शुक्रवारी सासूबाई काठी टेकत तीन मजले चढून आल्या. लिफ्ट फक्त कर्मचाऱ्यांसाठी होती. घरात जावयाला 'जावईबापू' म्हणणाऱ्या सासूबाई समोर बसून म्हणाल्या, "परीक्षक महाशय, तो राक्षस रडत होता."

"रडण्याचा रकाना नाही," साहेबांनी सांगितलं. "जात राक्षस, वृत्ती दुष्ट. अर्जात छापूनच येतं."

"अहो, मी तीस वर्षं वॉर्डात काढली. खोटं रडणं मला दारातून कळतं. या पोराने पाय धरले हो माझ्या सरदाराचे! सोडल्यापासून त्याने एक माशी तरी मारली आहे का?"

साहेबांनी नोंदी उघडल्या. राक्षस नदीकाठी झोपडी बांधून बसला होता आणि येणाऱ्याजाणाऱ्याला नदी पार करून देत होता.

"पाहिलंत?" सासूबाईंचे डोळे चमकले.

"पाहिलं. नावाडीपणाचा परवाना नाही. तो अपराधही तुमच्याच नावावर येईल," असं म्हणून साहेबांनी नोंद केली आणि निकालाचा कागद सहीसाठी परीक्षकापुढे सरकवला. कागदाखालीच कायम नोकरीचं पत्र होतं, कडा बाहेर राहील असं ठेवलेलं. साहेबांनी पेनाचं टोपणसुद्धा काढून दिलं.

परीक्षकाने सासूबाईंकडे बघितलं नाही. त्याला घराचं भाडं आठवलं, बायकोचा थकलेला चेहरा आठवला, सहा वर्षं 'अजून हंगामीच का?' असं विचारणारे नातेवाईक आठवले. सही नेहमीसारखीच वळणदार आली.

दुपारी सरदार फासावर गेला. साहेबांनी पत्रावर सही केली. कक्षातल्यांनी टाळ्या वाजवल्या आणि परीक्षक सगळ्यांना "आभारी आहे, आभारी आहे," म्हणत राहिला.

संध्याकाळी बायको दार उघडून तशीच आत निघून गेली. सासूबाईंनी मात्र स्वतः उठून त्याला पाणी दिलं.

"जावईबापू, एकच विचारते. तो रडत होता ते तुम्हाला दिसलं होतं ना?"

त्याने मान खाली घातली. "दिसलं होतं."

"असं होय," त्या म्हणाल्या. "मला आपलं वाटत होतं, कामाच्या गडबडीत नजरेतून सुटलं असेल." आणि त्या भिंतीला धरून आपल्या खोलीत गेल्या.

आता जावई दुष्ट, असा निकाल तुम्ही कधीच लावून टाकला असेल. खुशाल लावा. फक्त 'मी त्याच्या जागी असतो तर सही केलीच नसती' हे वाक्य घरात मोठ्याने म्हणू नका. घरातली माणसं ऐकत असतात, आणि ती तुम्हाला बरीच वर्षं ओळखतात.