दोन ओळींची पुरसिस

दिवाळी तोंडावर आली आणि शहादेवला एकाएकी बायकोची आठवण झाली. ऊसतोडीला मुकादम नवरा-बायकोची जोडी नेतो. एकट्या गड्याला कुणी विचारत नाही. आणि मुक्ताबाई तर मागला हंगाम संपल्यापासून माहेरी, वर शिरूर कासारच्या कोर्टात पोटगीचा अर्ज टाकून बसलेली.

"तडजोडीची पुरसिस देऊन टाक," त्याचे वकील सुंदरराव म्हणाले.

"म्हंजी अर्जच ना?"

"अर्जात कोर्टाकडं मागायचं असतं. पुरसिसमध्ये नुसतं सांगायचं. जे घडलंय ते, लेखी. दोन ओळी."

सांगणं हा तर शहादेवचा हातखंडा. (ऐकायची सवय मात्र उभ्या जन्मात लागली नव्हती.) वकिलाची वाट न बघता त्यानंच झोकात लिहिलं : 'आमच्यात आता वाद राहिलेला नाही. अर्जदार नांदायला येत आहे.' ही आनंदाची बातमी अर्जदाराला कळवायची तेवढी राहून गेली.

तारखेला जजबाईंनी कागद मोठ्यानं वाचला. "मुक्ताबाई, हे खरं आहे?"

"न्हाई साहेब. ह्याच्यात लई सुटलंय."

"काय सुटलंय?"

"मागल्या हंगामात मला सातवा महिना होता. डोक्यावर मोळी घिऊन ट्रकवर चढताना पडले. लेकरू गेलं. तिसऱ्या दिशी ह्यांनी मला परत फडात नेलं. कावून, तर खाडा पडतो, मुकादम पैसे कापतो म्हणून."

यातला एक शब्द खोटा असता, तर शहादेवनं आकाशपाताळ एक केलं असतं.

"तुम्ही नेलं होतं?" जजबाईंनी विचारलं.

"मुकादम म्हणला होता..."

"नेलं की नाही?"

"नेलं."

सुंदररावांनी कपाळाला हात लावला. (अशिलानं वकिलाला न विचारता खरं बोलावं, यापरता घात नाही.) तडजोड बारगळली, पोटगीला पुढची तारीख पडली.

बाहेर शहादेवनं बायकोला गाठलं. "मुक्ते, थांब की."

ती थांबली. आता त्या लेकराबद्दल काहीतरी बोलावं, हे त्यालाही कळत होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं त्याला. पण तोंडातून निघालं ते भलतंच.

"परवा गाडी निघायचीय. मुकादमाला काय सांगू मी?"

मुक्ताबाईनं त्याच्याकडं नीट बघितलं.

"जे घडलंय ते सांगा," ती म्हणाली. "त्यालाबी पुरसिस द्या."