देसालेनचा गुडघा

वॉशिंग्टनच्या आसपास आम्ही जे इथिओपियन राहतो, त्यांच्यात ग्रीन कार्डाच्या मुलाखतीची तयारी माझ्याइतकी चोख कोणी करून घेत नाही! दुभाषा म्हणूनही मीच जातो. फुकट, फक्त जेवणाचं आधी ठरवून घेतो.

देसालेन आणि वुबितचं लग्न शंभर टक्के खरं होतं. ती इथली नागरिक, तो नुकता आलेला. मुलाखत फिसकटली तर त्याला अदिस अबाबाला परत जावं लागणार होतं. अडचण एकच. लग्न नुसतं कार्डापुरतं नाही ना हे ताडायला, मागणी कशी घातली, हे हमखास विचारतात. आमच्यात मुलगा मागणी घालतच नाही. तो तीन वडीलधारे मुलीच्या बापाकडे धाडतो आणि स्वतः घरी नखं खात बसतो. हे अमेरिकन माणसाला कुठे समजावत बसा? मी सरळ पढवलं: नदीकाठ, अंगठी, एक गुडघा जमिनीला.

अधिकारी बाईंनी दोघांना वेगवेगळं बोलावलं. वुबितने इंग्रजीत नदी, अंगठी, गुडघा झकास सांगितलं. मग देसालेन आला. खरं बोलायची शपथ त्याने घेतली आणि तिचा त्याच्यावर भलताच परिणाम झाला. मी मागणी घातलीच नाही, म्हणाला. बाईंनी नदीकाठाचं विचारलं.

"कुठली नदी?"

मी इमानाने भाषांतर केलं. शपथ मीही घेतली होती.

बाईंनी वुबितला परत आत घेतलं आणि दोन्ही उत्तरं ऐकवली. राग आला की वुबितची इंग्रजी संपते. ती आमच्या अम्हारिक भाषेत नवऱ्यावर सुटली. बाई मला म्हणाल्या, शब्द न शब्द सांगा.

"तुझे ते म्हातारे! पहिल्यांदा बाबांनी दारातूनच वाटेला लावले. दुसऱ्यांदा तुझा काका आमच्या सोफ्यावर घोरत पडला."

"तिसऱ्यांदा हो म्हणाले ना?"

"मी जेवण सोडलं म्हणून!"

बाईंनी विचारलं, मग नदी आली कुठून?

"त्या तिलाहुनच्या डोक्यातून," एरवी मला मानाने 'गाशे' म्हणणारी वुबित म्हणाली. "स्वतःच्या लग्नासाठी गावातले होते नव्हते तेवढे म्हातारे झिजवले, आणि आम्हाला गुडघे शिकवतो."

हेही मी सांगितलं. आवाज न बदलता.

असं भांडण पढवून येत नाही, असं म्हणत बाईंनी अर्ज मंजूर केला. मग सहज विचारलं, "हा तिलाहुन कोण?"

मी प्रश्न अम्हारिकमध्ये सांगितला. दोघांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. त्याचं भाषांतर करायची गरज पडली नाही. माझं ओळखपत्र सकाळपासून बाईंच्या समोरच पडलेलं होतं.