देवरे सरांचा लाल ठिपका

आमच्या कॉलेजात देवरे सरांच्या लॅबमधून उपाशी बाहेर पडता येत नाही. तुम्ही दाराशी चप्पल घालायला वाकलात की आतून आवाज येणारच, "थांबा, जेवून जा." सकाळचे दहा वाजलेले असोत नाहीतर दुपारचे चार. पंखा दुरुस्त करायला आलेल्या वायरमनला त्यांनी शिडीवरून उतरवून भाकरी खायला लावली. तपासणी समितीचे अध्यक्षही सुटले नाहीत. ते म्हणाले, "अहो, आम्हाला पाहुणचार घेता येत नाही." सर म्हणाले, "पाहुणचार कुठला, ठेचा आहे." अध्यक्षांच्या डोळ्यांत पाणी आलं. अहवालात लॅबबद्दल मात्र बरं लिहून गेले.

झाडलोट करणाऱ्या मावशी म्हणतात, "सर लय खाऊ घालता. नाय म्हटलं तरी ऐकत नाय. पण सोता जेवता का, ते काय मी कधी पाह्यलं नाय."

मी मात्र दर वेळी "तास आहे, सर" म्हणून निसटायचो. मी मूळचा निफाडकडचा. आईवडील दुसऱ्यांच्या द्राक्षबागेत कामाला जायचे आणि मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि हे सांगायला मला अजिबात लाज वाटत नाही. एवढ्या कष्टानं शिकलेल्या शास्त्रात कुणी भोंगळपणा केला की मला खपत नाही. देवरे सर तो करतात, असं माझं स्पष्ट मत होतं.

सरांचं काम कॉम्प्युटरवर विश्व चालवण्याचं. आकाशात दीर्घिका, म्हणजे गॅलेक्सी, घोळक्यानं राहतात. त्या घोळक्याला धरून ठेवतं ते डार्क मॅटर. ते दिसत नाही, पण त्याच्या ओढीनं बाकीच्यांच्या वाटा वळतात, त्यावरून ते आहे हे कळतं. त्याच्या ढिगाला आमच्यात हॅलो म्हणतात. हे काही बरणीत भरून तपासता येत नाही. म्हणून कॉम्प्युटरला लाखो ठिपके द्यायचे, गुरुत्वाकर्षणाचा नियम सांगायचा आणि सोडून द्यायचं. ठिपके एकमेकांना ओढतात, त्यांचे ढीग होतात, ढिगावर ढीग येऊन आदळतात. कॉलेजच्या जुन्या मशिन एकमेकींना जोडून सरांनी हा संसार मांडला होता. अशी एक फेरी, आमच्या भाषेत रन, संपायला काही आठवडे लागत.

बाहेरही सरांचं तेच चालायचं. चांदवडला एका सहकाऱ्याच्या लग्नात आम्ही मांडवात जेवणाची जागा शोधत होतो. सर म्हणाले, "पाटी कशाला शोधता? माणसं कुठं वळतायत ते बघा. जेवण दिसत नाही, पण ओढतंय." आम्ही गर्दीमागे गेलो. तिथे नवरदेवाचे दोन मामा एकमेकांची कॉलर धरून उभे होते. सर जराही ओशाळले नाहीत. म्हणाले, "ओढ होती ना? मग झालं."

मला खटकायचा तो पडद्यावरचा लाल ठिपका. लाखो निळ्या ठिपक्यांत सरांनी एकच लाल रंगवला होता आणि दिवसभर ते त्याच्याकडे बघत बसत. वर्गात शुद्ध बोलणारे सर पडद्याशी त्यांच्या सटाण्याकडच्या अहिराणीत बोलायचे, "कोठे शे रे तू?" म्हणजे कुठं आहेस रे तू. आम्ही स्टाफरूममध्ये हसायचो.

मग प्राचार्यांनी मला बोलावलं. "गांगुर्डे, उद्या लॅबमध्ये ऑनलाइन परीक्षा आहे. आज सगळ्या मशिन पुसून कोऱ्या करा. देवरेंना तुम्हीच सांगा, मला ते जेवायला बसवतील."

सरांना तसं सांगितलं. ते याच महिन्यात निवृत्त होणार होते. म्हणजे मशिन पुसल्या की पुन्हा रन लावायला मिळणार नव्हता.

"संध्याकाळपर्यंत थांबा," सर म्हणाले. "हा रन संपतोय. एवढा एक बघू द्या."

"सर, पण बघताय काय तुम्ही?"

"हा लाल आहे ना, पहिल्या रनमध्ये अगदी मधोमध होता. मग दुसरा हॅलो येऊन धडकला आणि हा बाहेर फेकला गेला. मी तोच रन पुन्हा लावला. सगळं तेच, फक्त सुरुवातीला ह्याला केसभर सरकवला. तरी गेला. मग दुसरीकडे सरकवला. तरी गेला. तेच करतोय."

मी फटकळ माणूस. म्हणालो, "सर, एका ठिपक्याला काही अर्थ नसतो. आपण ढिगाचा आकार बघायचा, वजन बघायचं. हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं. एक ठिपका राहिला काय, गेला काय, ढिगाला काही फरक पडत नाही."

"नाहीच पडत," सर म्हणाले. "मयूर गेला तेव्हाही आमच्या कॉलनीत गणपती बसलाच."

सरांचा मुलगा मयूर घर सोडून गेलाय, एवढं कॉलेजात सगळ्यांना माहीत होतं. त्यावर कुणी बोलत नसे.

"इंजिनिअरिंग सोडतो म्हणाला," सर पडद्याकडेच बघत होते. "सकाळपासून माझी बडबड चालू होती. तो दारात बसून चपला घालत होता. 'जेवून जा' तोंडावर आलं होतं माझ्या. मी पेपरातून मान वर केली नाही. त्याची मोटारसायकल नाशिकरोडच्या स्टँडवर सापडली. तो नाही सापडला."

मी स्टूल ओढून शेजारी बसलो.

ऊन उतरलं तेव्हा पडद्यावर दोन ढीग जवळ आले. एकमेकांत घुसले. लाल ठिपका गर्रकन फिरून कडेला आला. सरांनी टेबलाची कड घट्ट धरली. ठिपका अजून बाहेर सरकला, रेंगाळला आणि हळूहळू परत आत वळला. निळ्या गर्दीच्या मधोमध जाऊन घिरट्या घालत राहिला. रन संपला.

"राहिला, सर!" मी ओरडलोच. "राहिला की!"

सर हसले नाहीत. या वेळी ठिपका किती सरकवला होता, तो आकडा त्यांनी पडद्यावर काढला. दशांशचिन्हानंतर शून्यांची लांब रांग आणि शेवटी एक बारीकसा आकडा.

"एवढंसंच लागत होतं," ते म्हणाले.

मग त्यांनी स्वतःच एकेक मशिन बंद केली. पंख्यांची घरघर थांबली आणि लॅब कधी नव्हे ती शांत झाली. मी दाराशी गेलो, चप्पल घालायला वाकलो.

आतून आवाज आला नाही.

मी वळून पाहिलं. सर काळ्या पडद्यासमोर बसून होते. डबा टेबलावर तसाच, झाकण लावलेला.

मी चप्पल काढून आत गेलो.

"सर," म्हटलं, "भूक लागलीय. डबा काढा. आणि आज तुम्हीपण बसा."