खिडकीसरकारांनी कपाट राखिले त्याची हकीकत

वाचक मंडळींचे सेवेसी, सेवकाने डोळां देखिले तैसेच लिहिले. हसू आलियास सेवकाचा अपराध नाही.

वाचनालयात खिडकीसरकार नामे एक निवृत्त कारकून होते. चाळीस वर्षे खिडकीपाशील एकच खुर्ची अडवोन प्रवासवर्णनांचे मुलूख मारीत होते आणि वाळवंटातील विहिरी तोंडपाठ होत्या आणि घरात साखरेचा डबा कोणत्या फळीवर, हे मात्र कुटुंबास पुसत. गावाची वेस स्वारीने कधी ओलांडिली नाही, बस लागते. ऐसे शूर!

तों ग्रंथपालबाईंचे फर्मान सुटले की, पाच वर्षांत जे पुस्तक कोणी घरी नेले नाही, ते शनिवारी रद्दीत जाईल. प्रवासवर्णनांची पुस्तके बारा, आणि बाराहींच्या मागील चिठ्ठ्यांवर तारखेचा शिक्का नाही! कारण सरकारांनी सर्व जागीच बसोन वाचिले. घरी शांतता नाही, ही सबब. आपल्याच प्रीतीने आपलाच मुलूख बुडविला. सरकार रडले. ते रडणे मात्र खरे होते, हे लिहिणे प्राप्त.

मग मसलत जाहली. एका सभासदास तीन पुस्तके, ऐसा कायदा. म्हणोन आणखी तीन शिपाई पाहिजेत. मग मेहुण्यांस गळ घातली आणि त्यांनी उशाला चालतील ऐसी जाड तीन निवडिली, आणि न्हावीदादांनी चित्रांची मागितली, आणि कुटुंबाकडून "नाव घाला, पण वाचायला लावू नका," ऐसा जबाब आला. मग शनिवारी दार लागण्यास पाव घटका असता फौज मेजावर तुटोन पडली आणि ग्रंथपालबाईंनी आठ्या घालोन बारा शिक्के मारिले. रद्दीवाला रिकामे पोते घेऊन परतला.

आठ दिवसांनी पुस्तके परत करणे आले. सरकारांनी कुटुंबाकडील तिन्ही मागितली, दोनच मिळाली. तिसऱ्यात बोट घालोन त्या खिडकीशी बसल्या होत्या आणि चहाचा पत्ता नव्हता.

"थांबा हो, एवढा समुद्र ओलांडून होऊ दे," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षं एकटेच फिरलात. घरी येऊन मला कधी सांगितलंत का काही?"

बहुत खजील होऊन स्वारी स्वयंपाकघरात दाखल जाहली आणि डबे उघडो लागली.

येणेप्रमाणे कपाट राखिले, फत्ते जाहली. साखरेचा डबा तिसऱ्या फळीवर. सरकारांनी जातीने शोधिला, तोही नोंदिला असे.